रंगावर चढणारी पांढरी झाक

फेविक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने रंगवलेले छोटे भाग जोडले, की काही तासांत सांध्याच्या आजूबाजूला पांढरट, पिठूळ झाक दिसू लागते. गडद आणि बिनचमकीच्या रंगावर ती फार उठून दिसते. काळ्या बैलाचे वशिंड राखाडी होते, मावळ्याच्या तांबड्या पागोट्याभोवती धुरकट कडे उमटते, रेल्वेच्या डब्याच्या खिडक्या आतून अंध होतात. बोट फिरवले तर थोडी झाक पुसली जाते आणि उरलेली आणखी पसरते. रंगवणाऱ्याला वाटते, रंग हलका निघाला किंवा नीट वाळला नव्हता. यात रंगाचा बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. ही झाक गोंदाच्या वाफेची असते आणि ती टाळता येते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत छोट्या रंगीत वस्तू जोडण्याचे काम वर्षभर कुठे ना कुठे चालू असते. दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. त्यांवर मांडायची चित्रे, म्हणजे सिंहासनावरचे शिवाजी महाराज, भालदार, मावळे, तोफा, गेल्या वर्षीच्या खोक्यातून बाहेर निघतात, तेव्हा कुणाची मान तर कुणाची तलवार तुटलेली असते. लग्नसराईत रुखवतासाठी बोटभर उंचीची जाती, तुळशीवृंदावने, पाळणे आणि बैलगाड्या तयार होतात. शिरूर तालुका जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांप्रमाणेच बैलगाडा शर्यतींचा. या भागातल्या बैठकीच्या खोल्यांत काचेच्या पेटीतला लाकडी गाडा मानाने ठेवलेला असतो. दौंड हे रेल्वेचे गाव. तिथून एक फाटा मनमाडला आणि दुसरा बारामतीला जातो, त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनात इंजिन आणि डबे येणे ओघानेच आले. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये उघडलेले जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय पाहून आलेल्या मुलांना तर घरी स्वतःची गाडी करून पाहावीशी वाटते. अलीकडे त्यात थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या मूर्तींची भर पडली आहे. या सगळ्या कामांत रंग आधी आणि जोडणी नंतर असा क्रम पुष्कळदा असतो आणि झाकेचा त्रास नेमका तिथून सुरू होतो.

या गोंदाचे मुख्य द्रव्य म्हणजे इथाइल सायनोअ‍ॅक्रिलेट. नळीत असताना त्याचे रेणू सुटे असतात, म्हणून गोंद पाण्यासारखा पातळ वाहतो. तो आतल्या आत घट्ट होऊ नये म्हणून कारखान्यातच त्यात किंचित आम्ल घातलेले असते. कोणत्याही वस्तूच्या पृष्ठभागावर, ती कोरडी दिसत असली तरी, हवेतल्या बाष्पाचा डोळ्यांना न दिसणारा थर असतो. गोंद तिथे टेकला की त्या ओलाव्यातले हायड्रॉक्साइड आयन पहिल्या रेणूला पकडतात, तो रेणू दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. आम्लाचा अडसर अपुरा पडतो आणि काही सेकंदांत लांबच लांब साखळ्या तयार होऊन गोंदाचे कठीण प्लास्टिक बनते. फेविकॉल आणि हा गोंद यांतला महत्त्वाचा फरक इथे आहे. फेविकॉलमधले पाणी उडून गेले की तो वाळतो. सायनोअ‍ॅक्रिलेट वाळत नाही, ते पाण्याच्या अंशामुळे घट्ट होते. लोक या गोंदावर फुंकर मारतात ती वाळवण्यासाठी, पण फुंकरीतून त्याला मिळते ते तोंडातले बाष्प.

सांध्याच्या आत, दोन पृष्ठभागांमध्ये दाबला गेलेला गोंद लगेच साखळीत बांधला जातो. बाहेर ओघळलेल्या गोंदाचे तसे होत नाही. त्याचा जाड थेंब आतून बराच वेळ पातळ राहतो, आणि तेवढ्या वेळात सुटे रेणू वाफ होऊन निसटतात. इथाइल सायनोअ‍ॅक्रिलेटचा रेणुभार सुमारे १२५ आहे आणि हवेचा सरासरी २९. म्हणजे ही वाफ हवेच्या चौपटीहून जड. ती वर उडून जात नाही. हवा स्थिर असेल तर ती सांध्याभोवती घुटमळते आणि खाली, शेजारच्या रंगावर बसते. तिथल्या ओलाव्याशी गाठ पडताच तिचे रेणूही साखळ्या बांधू लागतात आणि रंगावर अतिसूक्ष्म दाण्यांचा आणि तंतूंचा थर चढतो.

हे दाणे मुळात पांढरे नसतात. घट्ट झालेला गोंद पारदर्शक असतो. साखरेचा एकेक दाणा काचेसारखा आरपार असला तरी पोत्यातली साखर पांढरीच दिसते, तसेच इथे घडते. असंख्य दाण्यांच्या असंख्य पैलूंवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण झाक घालवण्याचा सर्वांत सोपा उपाय तिच्यातूनच निघतो.

या गोंदाचा शोध मुद्दाम लावलेला नव्हता. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांनी तयार केलेले सायनोअ‍ॅक्रिलेट हात लावाल तिथे चिकटू लागले, म्हणून ते बाजूला ठेवले गेले. १९५१ मध्ये कूव्हर यांच्याच देखरेखीखाली दुसरे काम चालू असताना फ्रेड जॉयनर यांनी या द्रव्याचा थेंब प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन महागड्या लोलकांमध्ये ठेवला, आणि लोलक कायमचे जुळले. तेव्हा हे द्रव्य उत्तम गोंद आहे हे ध्यानात आले. १९५८ मध्ये तो ‘ईस्टमन ९१०’ या नावाने बाजारात आला. त्यात मिथाइल सायनोअ‍ॅक्रिलेट होते. त्याचा रेणू आणखी लहान, त्यामुळे त्याची वाफही अधिक. आज घरगुती नळ्यांत बहुतेक इथाइल असते.

रंगकाम करणारा ज्या झाकेला वैतागतो, तीच पोलीस मुद्दाम उठवतात. बोटाच्या ठशात घामातले क्षार आणि ओलावा असतो आणि गोंदाची वाफ तिथे सर्वांत आधी पकडली जाते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या पोलिसांनी हे हेरले आणि न दिसणारे ठसे पांढरे करून उठवण्याची ही पद्धत जगभर पसरली. वस्तू बंद पेटीत ठेवतात, आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास आणतात, तळाशी गोंदाचे थेंब तापवून त्यांची वाफ करतात. थोड्या वेळात बाटलीवर किंवा प्लास्टिकच्या पिशवीवर बोटाच्या रेषा उमटतात. बंद जागा, भरपूर ओलावा, भरपूर वाफ आणि हाताळलेला पृष्ठभाग या चार गोष्टी एकत्र आल्या की झाक हमखास येते. छोट्या मूर्तीवरची झाक पुष्कळदा रेषारेषांची का असते, याचेही उत्तर यात मिळते. जोडणी करताना मूर्ती जिथे बोटांनी धरली होती, तिथला ठसाच पांढरा होऊन वर आलेला असतो.

मग शिरूर-दौंडच्या कोरड्या मुलखात हा त्रास का व्हावा? पश्चिमेकडून येणारा पाऊस सह्याद्रीवर रिता होतो आणि हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत राहतात. वर्षाचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरमध्ये आणि परतीच्या सरींत. पण गौरी-गणपतीची आरास आणि दिवाळीचे किल्ले यांचे दिवस नेमके याच सरींच्या मागेपुढे येतात. दौंडला भीमेच्या, शिरूरला घोड नदीच्या काठची घरे, कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस आणि थंडीतले पहाटेचे धुके यांमुळे आर्द्रता गावागणिक आणि तासागणिक बदलते. दिवाळीच्या दिवसांत रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बसून चित्रे जोडली तर हवा दुपारपेक्षा कितीतरी दमट असते. त्याच ओसरीवर तेच काम दुपारी केले तर पुष्कळ फरक पडतो.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की गोंदाला घट्ट व्हायला लागणारा ओलावाच कमी पडतो. भाग लवकर धरत नाहीत, मग हात आपोआप नळी आणखी दाबतो. जास्तीचा गोंद बराच वेळ पातळ राहतो, वाफ सोडत राहतो, आणि संध्याकाळी हवा बदलली की झाक दिसू लागते. घरात वाळ्याचा किंवा पाण्याचा कूलर चालू असेल तर बाहेर कोरडे आणि खोलीत दमट अशी स्थिती होते. हा गोंद वापरण्यासाठी साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता योग्य मानतात. ती मोजणारे छोटे यंत्र आता स्वस्तात मिळते. ते नसेल तर स्वयंपाकघरातल्या मिठाकडे पाहावे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साध्या मिठाला पाणी सुटू लागते. बरणीतले मीठ ओलसर झालेले असेल त्या दिवशी रंगवलेल्या कामाला हा गोंद न लावणे बरे.

झाक टाळण्याचे पहिले पाऊल गोंदाच्या आधीचे आहे, ते म्हणजे कामाचा क्रम. जे भाग जोडल्यावरही कुंचला सगळीकडे पोहोचतो, ते आधी जोडावेत आणि मग रंगवावेत. झाक आलीच तर ती घासून काढता येते आणि अस्तराच्या रंगाखाली झाकता येते. गाड्याची चाके आणि साटी, इंजिनाचा बांधा, तोफेचा गाडा यांची जोडणी रंगाआधी करण्यात काहीच अडचण नसते. अडचण येते ती घोड्यावर बसलेल्या स्वाराची किंवा जुवाखाली मान असलेल्या बैलाची. तिथे भाग सुटे रंगवणेच सोयीचे. अशा वेळी जिथे गोंद लागणार आहे तेवढी जागा कागदी टेपने झाकून मगच रंग द्यावा. टेप राहून गेला असेल तर त्या जागेचा रंग पात्याने खरवडावा. रंगावर लावलेला गोंद शेवटी रंगालाच चिकटतो आणि सांधा रंगाच्या पापुद्र्यासह निघून येतो. रंगाच्या थरामुळे दोन भाग नीट बसत नाहीत, फट राहते आणि फट भरायला जास्त गोंद जातो.

फट ही या गोंदाची वैरीण आहे. दोन्ही पृष्ठभाग जितके नेमके जुळतील तितका थोडा गोंद पुरतो आणि सांधाही पक्का होतो. म्हणून गोंद हातात घेण्याआधी भाग कोरडेच एकमेकांवर बसवून पाहावेत आणि जिथे उंचवटा असेल तिथे पॉलिश पेपरने घासावे. तलवार धरलेला हात किंवा बैलाची शिंगे यांसारख्या बारीक सांध्यांना आत तार घालणे फार उपयोगी पडते. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून त्यात तांब्याची तार किंवा टाचणीचा तुकडा बसवला, की जोर तार घेते आणि गोंदाचे काम फक्त धरून ठेवण्याचे उरते. मग भोकात टाचणीच्या टोकाने लावलेला इवलासा गोंद पुरतो, आणि तो आतच राहत असल्यामुळे वाफेला बाहेर यायला वाट उरत नाही.

गोंद नळीतून थेट कामावर कधीही सोडू नये. सगळ्या सूचनांत ही एकच पाळली तरी निम्म्याहून अधिक त्रास कमी होतो. पाच-दहा रुपयांची छोटी नळी टोचली की पहिलाच थेंब गरजेपेक्षा मोठा पडतो. त्याऐवजी जुन्या प्लास्टिकच्या झाकणावर एक थेंब काढावा, दात कोरायच्या काडीचे टोक त्यात बुडवावे आणि ते टोक सांध्याच्या मध्यावर टेकवावे. कडेपर्यंत गोंद नेऊ नये, दाबल्यावर तो आपोआप कडेला येतो. भाग दाबून धरल्यावर बाहेर कड दिसली तर गोंद जास्त झाला असे समजावे आणि तो कोरड्या कागदाच्या टोकाने लगेच टिपून घ्यावा. झाकणावरचा उरलेला थेंबही वाफ सोडत असतो, तेव्हा ते झाकण रंगवलेल्या मूर्तीच्या शेजारी ठेवू नये.

यानंतर हवेची गोष्ट. वाफ उडून जावी यासाठी जोराचा पंखा लागत नाही. टेबलावरचा छोटा पंखा थोड्या अंतरावरून, एका बाजूने, हळू वेगात चालू ठेवला आणि समोरची खिडकी उघडी असली तर वाफ कामावर बसायच्या आत निघून जाते. वाफ जड आहे हे लक्षात घेऊन मूर्ती ठेवायची दिशाही ठरवता येते. सांधा खालच्या बाजूला आणि दर्शनी रंगकाम वर राहील असे टेकवून ठेवले तर वाफ चेहऱ्यावर न उतरता खाली ओघळते. हात स्वच्छ धुऊन, पुसून काम करावे किंवा पातळ हातमोजे घालावेत, म्हणजे ठशांच्या रेषा उठत नाहीत.

सर्वांत मोठे नुकसान मात्र जोडणीच्या वेळी होत नाही, ते नंतरच्या घाईत होते. सांधा पाच मिनिटांत हाताला पक्का लागतो, म्हणून गाडा लगेच काचेच्या पेटीत बंद होतो, रुखवताच्या वस्तूवर पारदर्शक कागद चढतो, डब्याचे छप्पर बसवले जाते. आतला गोंद पूर्ण घट्ट व्हायला सुमारे २४ तास लागतात आणि तोवर त्याची वाफ येत राहते. पेटीत तिला जायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी पेटीची काच आतून धुरकट होते आणि दूरच्या, गोंद न लावलेल्या भागांवरही झाक चढलेली असते. पोलिसांच्या पेटीत जे घडते तेच इथे नकळत घडते. लग्नाच्या आदल्या रात्री रुखवत बांधून ठेवणाऱ्या घरांत बायकांचे महिनाभराचे बारीक काम असे एका रात्रीत पांढरट पडलेले पाहून जीव हळहळतो. जोडलेली वस्तू किमान एक पूर्ण दिवस उघड्या हवेत ठेवून मगच बंद करावी, आणि तेवढी सवड नसेल तर त्या वस्तूला हा गोंद लावूच नये.

कारण दुसरे गोंद आहेत आणि पुष्कळ ठिकाणी तेच अधिक चांगले आहेत. लाकडाला लाकूड जोडायचे तर फेविकॉलसारखा पांढरा गोंद उत्तम. लाकूड किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे सायनोअ‍ॅक्रिलेट त्यावर सावकाश घट्ट होते आणि रंध्रांत जिरते. जिरले म्हणून जास्त लावले जाते आणि झाक वाढते. रुखवतातली बैलगाडी रात्रभर दोऱ्याने बांधून फेविकॉलवर ठेवली तर झाकेचा प्रश्नच येत नाही. धातूचे जड भाग आणि दगड, माती असे वेगवेगळे पदार्थ जोडायला अ‍ॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा एपॉक्सी गोंद योग्य. त्याला वेळ लागतो, पण तो फट भरतो आणि अशी झाक सोडत नाही. पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या खेळण्यांसाठी प्लास्टिक विरघळवून जोडणारे खास द्रावण मिळते. डब्याच्या खिडकीची पारदर्शक पट्टी तर नेहमी पांढऱ्या गोंदानेच लावावी. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि जास्तीचा भाग ओल्या कापडाने पुसता येतो. थर्मोकोलवर साधे सायनोअ‍ॅक्रिलेट लावले तर थर्मोकोलच विरघळून खड्डा पडतो.

झटपट गोंदच हवा असेल तर त्यातही प्रकार आहेत. अल्कॉक्सीइथाइल सायनोअ‍ॅक्रिलेटचे गोंद कमी वासाचे आणि झाक न येणारे म्हणून विकले जातात. त्यांचा रेणू मोठा असल्यामुळे त्यांची वाफ फार थोडी होते. ते थोडे सावकाश धरतात आणि साध्या नळीपेक्षा बरेच महाग पडतात, पण काचेच्या पेटीत जाणाऱ्या कामाला तो खर्च योग्य आहे. सुतारकामाचे सामान विकणाऱ्या दुकानांत गोंदाबरोबर फवारायचे द्रावणही मिळते. ते मारताच गोंद क्षणात घट्ट होतो आणि वाफ होऊ शकणारे सुटे रेणू उरत नाहीत. हे द्रावण काही रंगांना मऊ करते, म्हणून आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी तपासून पाहावे. गोंदाचा मोठा थेंब असताना ते मारले तर तो तापतो, फेसाळतो आणि स्वतःच पांढरा होतो. खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून फट भरण्याची युक्ती घरोघरी माहीत आहे. सोडा अल्कधर्मी असल्याने गोंद लगेच दगडासारखा होतो, पण तापल्यामुळे एकदम वाफही सुटते. ही युक्ती बिनरंगी कामापुरतीच ठेवावी.

पांढरे दिसले की ते गोंदाचेच, असे मात्र नाही. फवाऱ्याचे मॅट वार्निश दमट हवेत मारले तर सगळ्या मूर्तीवर सारखा पांढरटपणा येतो. गोंदाची झाक सांध्याभोवती दाट आणि दूर जाताना विरळ असते. कच्च्या मातीच्या किंवा प्लास्टरच्या चित्रावर ओल राहिल्यास आतले क्षार बाहेर येऊन पांढरे फुलतात. ते पुसले तरी ओल असेपर्यंत पुन्हा येतात. बुरशी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला वास असतो. कारण ओळखल्याशिवाय पुसायला घेऊ नये.

झाक गोंदाचीच असेल तर आधी एक दिवस थांबावे. मग कोरड्या, मऊ दाढीच्या ब्रशने किंवा जुन्या टूथब्रशने सैल दाणे झटकावेत. उरलेल्या जागेवर ओल्या कुंचल्याने पाण्याचा एक हात फिरवून पाहावा. पाणी असेपर्यंत झाक नाहीशी झाली तर वार्निशने ती कायमची जाईल. पाणी किंवा वार्निश दाण्यांमधल्या पोकळ्या भरते, प्रकाश विखुरणे थांबते आणि खालचा रंग पुन्हा दिसतो. चमकदार वार्निशचा एक पातळ हात आणि तो वाळल्यावर, हवे असल्यास, मॅट वार्निशचा दुसरा. मॅट वार्निशचा पहिलाच हात झाकेवर मारला तर ती अर्धवट दिसत राहते, कारण त्यातले बारीक कण स्वतःच प्रकाश विखुरतात. शिलाई मशीनच्या तेलाचा अंश चोळूनही झाक लपते, पण त्यावर धूळ बसते. तेवढ्या जागेचा रंग पुन्हा भरणे हा तेलापेक्षा प्रामाणिक उपाय.

नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन घट्ट झालेला गोंद मऊ करते, पण त्याबरोबर रंग आणि प्लास्टिकही खाते. हातावर चोळायच्या सॅनिटायझरमधले अल्कोहोल अ‍ॅक्रिलिक रंग सोडवते. रंगवलेल्या कामावर दोन्ही वापरू नयेत. पारदर्शक खिडकीवर चढलेली झाक पितळ चमकवायच्या पेस्टने अगदी हलक्या हाताने घासून कमी होते. पट्टी सुटी करता येत असेल तर नवी बसवणे सोपे.

हीच वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, तेव्हा खिडकी-पंख्याची सोय कामाइतकीच माणसासाठीही हवी. किल्ला करणाऱ्या लहान मुलांच्या हाती ही नळी एकट्याने देऊ नये. बोटे चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गोंद गेला तर पापण्या जबरदस्तीने न उघडता भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. सांडलेला गोंद सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नये. सुताच्या तंतूंवर तो इतक्या वेगाने घट्ट होतो की कापड तापते, धुरते आणि कातडी भाजते. सुती सदऱ्यावर मोठा थेंब पडला तर तो कपडा आधी अंगापासून दूर करावा.

न उघडलेल्या नळ्या हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवल्या तर बऱ्याच जास्त टिकतात. वापरण्याआधी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, नाहीतर थंड नळीवर हवेतले पाणी जमते आणि टोचताच आत जाते. उघडलेली नळी परत फ्रिजमध्ये ठेवू नये. तिचे तोंड पुसून, टोपण लावून ती कोरड्या जागी उभी ठेवावी आणि आतला गोंद तारेसारखा लोंबू लागला की टाकून द्यावी. दाट झालेला गोंद सांध्यात पसरत नाही, फट ठेवतो आणि पुन्हा जास्त लावायला भाग पाडतो.